चुनेवाला, पडद्यामागून

तांडा, मु. केळापूरजवळ
ता. १८ नोव्हेंबर १९५७

सदाशिवभाऊ,

हरिसिंगचा राम राम घ्या. कोणता हरिसिंग म्हणून डोकं खाजवू नका. शेटजीच्या तंबू-सिनेमाच्या कंपनीत तुम्ही मशीन फिरवत होते, अन् मी बैलगाडीवर सामान वाहून जत्रेजत्रेले नेत होतो. तंबू उभा झाला का पडद्यामागं बादली घेऊन बसणारा, तोच मी. पडदा ओला राह्यला तर चित्र मागच्या बाजूनंही साफ दिसते म्हणून दर रिळेले पाणी मारायचं काम माझं होतं. समोर मोठे लोक, मागं बायका अन् आमच्यासारखे. आठवलं असंल.

तुमचा पत्ता पांढरकवड्याच्या शिंप्याकडून भेटला. तो म्हणे, यवतमाळले सदाशिवराव शिलाईच्या मशिनी दुरुस्त करतात. म्हटलं, चला, मशीन काही सुटली नाही माणसाची.

भाऊ, श्रावणात जमनी गेली. तीन दिवस ताप, बाकी काही नाही. तुम्ही तिले पाह्यलं आहे, पण घुंगटातच पाह्यलं असंल.

लिहायचं कारण वेगळं आहे. हसू नका. मले तिचं सगळं आठवते. चालणं आठवते, चुलीपुढं बसून धुराले शिव्या देणं आठवते. तिचं हसणं मात्र कानातून गेलं. दोन महिने झाले, आठवून राह्यलो, येत नाही. तोंड दिसते, आवाज नाही. आपल्या जुन्या मुक्या पिक्चरवाणी.

तिचं पहिलं हसणं मी वणीच्या जत्रेत ऐकलं. लग्नाले सहा महिने झालते. आम्हा बंजाऱ्यांत नवी नवरी सासरच्या मोठ्यांपुढं ना बोलन ना हसन, तर मले तिच्या हसण्याचा आवाजच माहीत नव्हता. त्या दिवशी पडद्यामागं ती बायकांत बसली होती अन् तुम्ही ती चुनेवाल्याची पिक्चर लावली होती. तो लंबू, मोठ्या मिशीवाला, जो घराले चुना मारायले येते अन् मालकिणीच्या बोकडालेच पांढरा करून टाकते. तो शिडीवर बसला अन् अंधारात एकटी एक बाई खदखदा हसली. दुसऱ्या बाईनं दटावलं, "जमनी!" तवा मले समजलं का हे हसणं माझ्या घरचं आहे.

नंतर ती संसारात हसलीच नसंल असं नाही. पण ते लेकरायच्या गलक्यात मिसळून गेलं. ते एक हसणं साफ होतं.

कंपनी बसली तवा रिळांचे डबे तुम्ही घेऊन गेलते. त्यात चुनेवाला असंल तर एकदा दाखवा. तो शिडीवर बसला का मले ते हसणं आठवन, असं मन म्हणून राह्यलं. येण्याजाण्याचं मी पाहतो.

तुमचा
हरिसिंग

*

यवतमाळ
ता. २ डिसेंबर १९५७

प्रिय हरिसिंग,

तुझं पत्र वाचून हातातला पाना खाली ठेवला आणि संध्याकाळपर्यंत उचलला नाही. जमनीबाई गेल्या, वाईट झालं. मी त्यांचं तोंड पाहिलं नाही, पण तुझ्या गाडीत पडद्याच्या घड्या त्या घालून ठेवायच्या ते लक्षात आहे. तशी घडी पुन्हा कोणाला जमली नाही.

तुला विसरेन कसा? पडद्यावर तळ्यात उडी मारणारा माणूस आला की तू मागून एक जादाची बादली मारायचास आणि पुढच्या लोकांच्या अंगावर शिंतोडे यायचे. शेटजी ओरडायचे, "हरिसिंग, तिकिटात अंघोळ नाही!"

चुनेवाला आठवतो. इंग्रजी पिक्चर, दोन रिळांची. नाव आपल्याला कधी वाचता आलं नाही, म्हणून आपणच चुनेवाला ठेवलं. डबे माडीवर आहेत. धूळ फार झाली आहे. सवडीनं काढून पाहतो. तोवर तुला त्यातलं काय काय आठवतं ते लिहून पाठव, म्हणजे नेमकी रीळ ओळखता येईल. सारखे दिसणारे लंबू पुष्कळ होते.

आमच्या कोकिळाबाईंचा तुला नमस्कार.

तुझा
सदाशिव

*

तांडा
ता. ९ जानेवारी १९५८

सदाशिवभाऊ,

माडीवर आहेत हे वाचून मी आमच्या ओट्यावर दोन चकरा जास्त मारल्या. नंदाबाई विचारून राह्यली, "दाजी, पायाले मुंग्या आल्या का?" ही नंदा जमनीची चुलत बहीण, आमच्याच तांड्यात दिलेली. मले आता भाकरी तीच देते, अन् भाकरीसंग बोलणीही देते.

खूण लिहून घ्या. लंबू डावखुरा आहे. कुंचला डाव्या हातात, टोपी काढन तर डाव्या हातानं, शिपायाच्या थोबाडाले चुना लावन तर डाव्याच हातानं. घर उजवीकडं, शिडी त्याले टेकलेली. बोकड डावीकडून येते. बोकड त्याची टोपी खाते तवा तो बोकडाले सलाम करते, तोही डाव्या हातानं. दुसरा कोणता लंबू डावखुरा नव्हता. त्यावरून पक्का ओळखू येईन.

कापूस वेचून झाला आहे. तुम्ही म्हणाल त्या दिवशी येतो. पडदा नसला तरी चालन, धोतर बांधू.

हरिसिंग

*

तांडा
ता. २१ एप्रिल १९५८

सदाशिवभाऊ,

तीन महिने झाले, पत्र नाही. म्हटलं तब्येत बरी नसंल, आपणच जाऊन यावं. गेल्या मंगळवारी यवतमाळले आलतो. दुकान बंद होतं. घरी वहिनी होत्या. म्हणाल्या, ते मुलीकडं अकोल्याले गेले आहेत. चहा दिला. मी माडीकडं पाहून राह्यलो तर वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, बशी सांडते." खरंच सांडली होती.

तुमच्याशिवाय माडीवर चढणं बरं नाही म्हणून विषय काढला नाही. वापस आलो. मोटारीत सारा रस्ता वाटून राह्यलं का आपण डब्याच्या किती जवळ बसलो होतो.

अकोल्याहून आले का दोन ओळी टाका. घाई नाही. घाई आहे, पण तुमच्यावर नाही.

हरिसिंग

*

यवतमाळ
ता. ६ मे १९५८

हरिसिंग,

मी अकोल्याला गेलो नव्हतो. तू ओट्यावर चहा पीत होतास तेव्हा मी आतल्या खोलीत पलंगावर बसलो होतो, दाराला कडी लावून. तुझं खोकणं ऐकू येत होतं. तू गेल्यावर कोकिळा आत आली आणि म्हणाली, "त्या माणसाच्या तोंडावर मी आज खोटं बोलले. पुन्हा माझ्याच्यानं होणार नाही. तुमचं तुम्ही निस्तरा." दोन दिवस तिनं ताट वाढलं, शब्द वाढला नाही.

माडीवर डबे नाहीत. एकही नाही.

बोलपट आले आणि मुक्या पिक्चरला कुत्रं विचारीना, तेव्हा शेटजींनी डबे माझ्या गळ्यात टाकले. दोन वर्षं मी सांभाळले. ती रीळ कशी पेट घेते ते तुला ठाऊक आहे. घरात लहान मुलं, उन्हाळ्यात पत्र्याखाली डबे, मला झोप येईना. मग एक बांगडीवाला आला. ते लोक जुनी रीळ गरम पाण्यात धुऊन चित्र काढून टाकायचे आणि उरलेल्या पट्टीच्या बांगड्या, फण्या करायचे. मी सगळे डबे त्याच्या गाडीत स्वतःच्या हातानं चढवले. चुनेवालासुद्धा. त्या वेळी वाईटही वाटलं नाही, सुटल्यासारखं वाटलं. हेच आता जास्त लागतं.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हाच लिहायला हवं होतं. पण तू लिहिलंस, 'तो शिडीवर बसला का आठवन', आणि माझ्याच्यानं 'नाही' लिहिलं गेलं नाही. वाटलं, चार महिन्यांत तू विसरशील. मूर्खासारखं वाटलं.

उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.

सदाशिव

*

तांडा
ता. ३० जून १९५८

सदाशिवभाऊ,

पत्र आलं त्या दिवशी राग आला. बसून उत्तर लिहिलं, नंदाबाईले वाचून दाखवलं. ती म्हणाली, "दाजी, हे धाडू नका. असं तुम्ही बैलालेही बोलत नाही." मग फाडलं. महिनाभर थांबलो, पेरणी केली, आता लिहितो.

तुम्ही काही गुन्हा नाही केला. लेकरं घरात होती. मी असतो तर पहिल्याच उन्हाळ्यात नदीत टाकून आलो असतो. पण तुम्ही आत कडी लावून बसले अन् मी बाहेर तुमच्याच नावाचा चहा पेऊन राह्यलो, याचं हसू येते आता. ही पिक्चर कोणी काढाले पाह्यजे होती.

एक गोष्ट मनात आली. आमच्या बायका खांद्यापर्यंत बांगड्या घालतात. अगोदर हाडाच्या राहत होत्या, मग त्या पांढऱ्या, हलक्या, नव्या तऱ्हेच्या आल्या. जमनीनं पांढरकवड्याच्या बाजारात घेतल्या होत्या, त्याच सुमाराले. काय सांगावं भाऊ, चुनेवाला तिच्या हातातच राह्यला असंल इतकी वर्षं, अन् मी त्याले तुमच्या माडीवर हुडकत होतो.

पण मन काही ऐकत नाही. चुनेवाल्याची रीळ शेटजीकडंच होती असं थोडंच आहे? दुसऱ्याही कंपन्या फिरत होत्या. त्यांच्यातला कोणी जिता असंल, कोणाच्या कोठ्यात एखादा डबा असंल. तुम्हाले त्या लोकांची ओळख आहे, मले नाही. तुम्हाले खरंच वाईट वाटलं असंल तर कडी काढा अन् हुडका. एवढंच मागतो.

वहिनींना सांगा, चहा चांगला होता.

हरिसिंग

*

यवतमाळ
ता. २४ ऑगस्ट १९५९

प्रिय हरिसिंग,

वर्षभरात तुला चार कार्डं टाकली आणि प्रत्येकात 'अजून नाही' एवढंच लिहिलं. आज कार्ड पुरणार नाही.

कळंबचे पंजाबराव तुला आठवतील. चिंतामणीच्या जत्रेत आपल्या तंबूसमोर तंबू लावून आपली गिऱ्हाइकं ओढायचे, तेच. आता गुडघे गेले आहेत, तोंड मात्र शाबूत आहे. त्यांच्या कडब्याच्या कोठ्यात तीस-बत्तीस डबे निघाले. मला पाहून म्हणाले, "काय मिस्त्री, आमचा धंदा बुडवून पोट भरलं नाही, आता कडबा न्यायला आलात?" पण डबे उघडू दिले. अर्ध्यांत चित्र विरघळून मध झाला होता. बाकीचे मी अंगणात बसून, रीळ हातात धरून, उन्हाकडे करून, शिलाईच्या कामाचं भिंग लावून पाहत होतो. अशा तीन खेपा केल्या.

दुसऱ्या खेपेलाच एक चुनेवाला सापडला होता. लंबू, मिशी, बोकड, शिपाई, सगळं. पण तो उजव्या हातानं चुना मारत होता. घर डावीकडे. तुझं पत्र खिशात होतं, ते काढून पडताळलं आणि डबा बाजूला ठेवला. म्हटलं हा दुसरा कोणी नकल्या. पंजाबराव म्हणाले, "घेऊन जा की, चुनेवाला तो चुनेवाला." मी म्हणालो, "नाही, आमचा डावखुरा होता." त्यांनी कपाळाला हात लावला.

परवा तिसऱ्या खेपेला सगळं पाहून संपलं. जाता जाता तोच डबा पुन्हा उघडला आणि घाईत रीळ उलट्या बाजूनं उन्हाकडे धरली गेली. लंबूनं डाव्या हातानं टोपी काढली.

अरे हरिसिंग, तू जन्मभर पिक्चर मागून पाहिलीस! तुझी सगळी माणसं डावखुरीच असणार. फक्त हा एकच तुझ्या लक्षात राहिला, कारण जमनीबाई याला पाहून हसल्या. पिक्चरच्या मधली मराठी अक्षरं पाहून तू लिहायला शिकत होतास आणि प्रत्येक अक्षर उलटं काढायचास, तेव्हा आरसा आणून तुला सरळ अक्षर दाखवणारा मीच. आणि तरी मी उन्हात बसून डावखुरा माणूस शोधत होतो. पंजाबराव इतके हसले की त्यांची सून बाहेर धावत आली.

दोन्ही रिळा आहेत. पहिलीचा शेवट शाबूत आहे: चुनेवाला शिडीच्या खालच्या पायरीवर बसतो, तिथपर्यंत. पंजाबरावांनी बोलीनं दिल्या आहेत, परत करायच्या आहेत.

नवरात्रात केळापूरच्या यात्रेत टुरिंग टॉकीज येणार आहे. त्यांचा ऑपरेटर माझ्या दुकानात मशिनींचं काम शिकलेला. अष्टमीच्या संध्याकाळी खेळाच्या आधी तो तुझी पिक्चर लावील. आता मशीन हातानं नाही, विजेच्या मोटरवर चालते, म्हणून माणसं जरा पळाल्यासारखी दिसतील, सांभाळून घे. मी येणार होतो, पण कोकिळेला टायफॉइड झाला आहे, डॉक्टर दीड-दोन महिने पलंगावरच म्हणतात, तिला सोडवत नाही. डबा गोणपाटात शिवून मोटारीच्या कंडक्टरबरोबर पाठवीन. उन्हात ठेवू नकोस, विडीवाल्याजवळ बसू देऊ नकोस.

या वेळी समोर बस. एकदा तरी सरळ बघ.

तुझा
सदाशिव

*

तांडा
ता. १३ ऑक्टोबर १९५९

सदाशिवभाऊ,

वहिनींचा ताप उतरल्याचं कंडक्टर सांगून गेला. देवीनं ऐकलं. आता त्यांना मऊ भात द्या अन् माडीवर चढू देऊ नका.

पिक्चर पाह्यली. तुम्ही वाट पाहून राह्यले असाल म्हणून पहिले तेच लिहितो, मग बाकीचं.

मी समोर खुर्चीत बसलो. नंदाबाई बाजूले. ती पहिले तयार नव्हती, म्हणे, "या वयात मले तंबूत कायले नेता?" मग सगळ्यांच्या अगोदर लुगडं नेसून बसली. ऑपरेटर चांगला पोरगा आहे, त्यानं सांगितलं का पहिले एक जुनी गंमत दाखवतो. लोक ओरडले, गाणं आहे का? गाणं नाही म्हटल्यावर अर्धे बाहेर गेले.

चुनेवाला आला. भाऊ, सगळं उलटंच वाटलं. घर भलतीकडं, बोकड भलतीकडून. मले एकसारखं वाटून राह्यलं का आपण त्याच्या आरशात पाहतो. पण बोकडानं टोपी खाल्ली तवा त्यानं सलाम केला अन् मी एवढा हसलो का समोरच्या माणसानं मुंडी फिरवून पाह्यलं. बत्तीस वर्षांनंतरही तो लेकाचा तसाच पडते. आपण सगळे म्हातारे झालो, त्याले काही झालं नाही.

मग तो शिडीवर बसला. मी डोळे मिटले. कान दिले. म्हटलं, आता.

काही आलं नाही.

डोळे उघडले तर तो नुसता बसला होता. जोड्यातला चुना झाडून राह्यला होता, रस्त्याकडं पाहून राह्यला होता. त्यात हसण्यासारखं काही नाही भाऊ. पूर्ण तंबूत कोणी हसलं नाही. उलटा जरा कीव येण्यासारखा दिसते तो तिथं. मले समजेना का आपण इतकी वर्षं भलतंच धरून बसलो का काय.

तेवढ्यात रीळ संपली, पडदा कोरा झाला. अन् मी उभा झालो. काहून झालो ते मले समजलं नाही. हात पुढं करून इकडंतिकडं पाहून राह्यलो. नंदाबाईनं सदरा ओढला.

"बसा दाजी. आता कोण पाणी मारते?"

मी बसलो अन् तिले हसू आलं. तोंडात पदर कोंबला तरी थांबेना. मी विचारलं, "तुले काय झालं?"

"तुम्ही उठले ना, तर ते आठवलं. वणीचं."

"कोणतं?"

"तुम्हाले माहीत नाही? हो, तुम्हाले कसं माहीत असंल." मग तिनं सांगितलं, पदराआडून, हसत हसत, थांबत थांबत. ती तवा दहा वर्षांची होती अन् जमनीच्या मांडीपाशी बसली होती. रीळ संपली तसा मी बादली उचलून वर पडद्यावर पाणी मारलं, अन् वाऱ्यानं पडदा मागं फुगला, तर अर्धं पाणी माझ्याच डोक्यावर आलं. डोक्यावर लग्नातलं लाल पागोटं. नवं, कच्च्या रंगाचं. कंदिलाच्या उजेडात तो रंग कपाळावरून, मिशीवरून, सदऱ्यावर उतरून राह्यला. अन् मले पत्ता नाही! मी मिशीले पीळ देला, बादली खाली ठेवली, अन् पाटलावाणी ऐटीत पाय दुमडून बसलो, तोंड पूर्ण लाल.

"जमनीबाई ते पाहूनच हसली," नंदा म्हणाली. "पिक्चर कुठं पाहत होती ती? पिक्चर आम्ही पाहत होतो. ती तुम्हालेच पाहत होती. दर रिळेले."

भाऊ, मले तो सदरा आठवते. सकाळी पाह्यला तर गुलाबी झालता. होळी जवळ होती, मी समजलो का वणीच्या पोरांनी रंग टाकला. दोघा-तिघांशी भांडलोही होतो.

मी नंदाले म्हटलं, "मग मले इतकी वर्षं कोणीच काहून नाही सांगितलं?"

ती म्हणाली, "बाईनंच शपथ घातली होती सगळ्यांना. म्हणे, त्याले सांगू नका, लाजन, अन् उद्यापासून पाणी मारायले दुसऱ्याले बसवन. मग मी काय पाहू?"

नंदानं हे जमनीच्या बोलीत सांगितलं, आमच्या बोलीत, तिच्याच सुरात. तंबूत दुसरी रीळ सुरू झाली होती. चुनेवाल्यानं शिपायाले पांढरं केलं असंल, मालकीण शिडीवरून पडली असंल, लोक हसून राह्यले होते. मी काही पाह्यलं नाही. माझं लक्ष नव्हतं.

तुम्ही विचाराल, ते हसणं कानात आलं का? नाही आलं. खोटं कायले लिहू. चार दिवस झाले, येत नाही. पण इतके दिवस मी चुनेवाल्याले पाहून ते आठवत होतो. आता ओट्यावर बसतो, अन् तिच्या जागेवरून माझ्याकडंच पाहतो. बाविशीचा मी, लाल तोंडाचा, मिशी पिळून राह्यलेला. पाहतो अन् मलेच हसू येते. त्या हसण्याच्या मागं मागं कोणीतरी आणखी हसल्यासारखं होते. तिकडं मुंडी फिरवली का थांबते. म्हणून मी मुंडी फिरवत नाही, तसाच बसून राहतो.

रिळा त्याच गोणपाटात परत शिवून पाठवल्या आहेत, नंदाबाईच्या हातची शिवण आहे, उसवायले त्रास होईन. पंजाबरावांना सांगा का डबे कडब्यातून काढून थंड जागी ठेवा. अन् वहिनी हिंडू-फिरू लागल्या का दोघंही इकडं या. चहा आमच्याकडं होईन. दाराले कडी नाही.

तुमचा
हरिसिंग